अमेरिकेत पदवीसाठी निघालेल्या मुलीने शिकताना काम कोठे आणि किती करावे?

चप्पल_लाइन_कोल्हापूर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. आमची मुलगी यंदा बारावी विज्ञान उत्तीर्ण झाली असून ओहायो राज्यातील एका सरकारी विद्यापीठात संगणकशास्त्राच्या चार वर्षांच्या पदवीसाठी तिला प्रवेश मिळाला आहे. विद्यापीठाकडून आय-२० हे प्रवेशाचे प्रमाणपत्र आले आहे, सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणी यंत्रणेचे ३५० डॉलर भरून झाले आहेत आणि पुढच्या महिन्यात मुंबईला बीकेसीत बोटांचे ठसे व मुलाखत अशा दोन तारखा मिळाल्या आहेत. शिक्षणासाठी परदेशी जाणारी ती आमच्या घरातील पहिलीच असल्यामुळे हक्काने विचारावे असे जवळचे कोणी नाही, म्हणून येथे लिहीत आहे.

अडचण पैशांची आहे. बँकेचे शैक्षणिक कर्ज, माझी बचत आणि सासऱ्यांनी देऊ केलेली रक्कम धरून पहिल्या वर्षाचा खर्च निघतो. मात्र दुसऱ्या वर्षापासून दरवर्षी साधारण आठ लाख रुपये कमी पडतील असा अंदाज आहे. ज्या सल्लागारामार्फत आम्ही प्रवेशाचे काम केले त्यांचे म्हणणे असे, की तेथे ओळखीच्या एखाद्या दुकानात किंवा पेट्रोल पंपावर संध्याकाळी रोख पैसे घेऊन काम करता येते, सगळेच विद्यार्थी तसे करतात आणि कोणी विचारत नाही. हे ऐकल्यापासून मुलीची आई अस्वस्थ आहे आणि खरे सांगायचे तर मीही.

दुसरा प्रश्न घरच्या धंद्याचा. चप्पल लाइनमध्ये आमचे कोल्हापुरी चपलांचे दुकान आहे. गेली दोन वर्षे त्याची वेबसाइट, चपलांचे फोटो, बाहेरगावच्या ऑर्डरी हे सगळे मुलगीच पाहते आणि त्याबद्दल मी तिच्या खात्यावर दरमहा काही रक्कम जमा करतो. अमेरिकेत राहून तिने हे काम इंटरनेटवरून सुरू ठेवले तर चालेल का? पैसे तर भारतातलेच आहेत. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

शिरोलीचा_फौंड्रीवाला

दादा, रोख पैसे घेऊन दुकानात काम करण्याचा विचार आजच मनातून काढून टाका. माझा मुलगा इंडियानात चार वर्षे मेकॅनिकल शिकला आणि आता तेथेच नोकरीला आहे, त्यामुळे हे सगळे आम्ही अगदी जवळून पाहिले आहे. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावरील विद्यार्थ्याला पहिल्या शैक्षणिक वर्षात विद्यापीठाच्या आवाराबाहेर नोकरी करता येत नाही, आणि त्यानंतरही रीतसर परवानगी हातात असल्याखेरीज करता येत नाही. परवानगीशिवाय काम केले की विद्यार्थ्याचा दर्जा, ज्याला तेथे सगळे स्टेटस म्हणतात, तो मोडतो. पुढे नोकरीचा परवाना, नवा व्हिसा, ग्रीन कार्ड यांपैकी कशासाठीही अर्ज केला तरी तो प्रश्न पुन्हा समोर येतो. सल्लागाराची फी तुम्ही एकदा दिली आणि त्यांचे काम संपले; ते ओझे वागवायचे आहे तुमच्या मुलीला.

आवाराच्या आत मात्र पहिल्या दिवसापासून काम करता येते. ग्रंथालय, भोजनगृह, संगणक कक्ष, वसतिगृहाचे स्वागतकक्ष अशा जागा असतात. सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास, आणि सुट्टीत पूर्णवेळ. लोकांची गफलत होते ती दोन नोकऱ्यांच्या बाबतीत, कारण २० तासांची मर्यादा सगळ्या कामांना मिळून आहे. माझा मुलगा दुसऱ्या वर्षी सकाळी भोजनगृहात आणि रात्री ग्रंथालयात असे दोन ठिकाणी काम करत होता. त्याच्या विद्यापीठाचा आठवडा रविवारी सुरू होऊन शनिवारी संपत असे. परीक्षेच्या आधी एक सहकारी आजारी पडला म्हणून त्याने भोजनगृहात जादा पाळ्या घेतल्या आणि गुरुवारी रात्री दोन्हीकडचे तास जुळवले, तर साडेअठरा भरले होते आणि शुक्रवारी ग्रंथालयाची चार तासांची पाळी लावलेली होती. दोन्हीकडचे पर्यवेक्षक वेगळे असल्याने हे कोणाच्याच लक्षात आले नव्हते. त्याने रात्रीच ईमेल करून ती पाळी मित्राला दिली. तेव्हापासून त्याने खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवून ठेवला आणि रोज झोपण्यापूर्वी त्यावर तास लिहिण्याची सवय लावून घेतली. तुमच्या मुलीलाही पहिल्या आठवड्यापासून ही सवय लावा.

आता हिशेब. ताशी १२ डॉलर मिळाले असे धरू. काही राज्यांत कमी मिळतात, काहींत जास्त. आठवड्याला २० तास, सत्राचे १५ आठवडे म्हणजे ३,६०० डॉलर, आणि दोन सत्रांचे ७,२०० डॉलर, तेही एकही आठवडा न चुकता आणि आयकर कापण्यापूर्वीचे. रुपयांत ही रक्कम सहा लाखांच्या घरात जाते. त्यातून तिचे किराणा, फोन, पुस्तके असे वरचे खर्च भागतील, पण तुमची आठ लाखांची तूट यातून भरून निघणार नाही. शिवाय पहिल्या सत्रात काम लगेच मिळतेच असे नाही. आमच्या मुलाला तिसऱ्या महिन्यात मिळाले. तिची कमाई शून्य धरून चार वर्षांचे अंदाजपत्रक करा आणि तरीही ते बसत नसेल तर बँकेकडे कर्जाची मर्यादा आत्ताच वाढवून मागा, कारण शिक्षण अर्ध्यावर आल्यानंतर ते फार जड जाते. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून बाहेर जाणाऱ्या रकमेवर १ एप्रिल २०२५ पासून टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच कापून घेतला जाणारा कर, लागत नाही. स्वतःच्या बचतीतून पाठवताना आर्थिक वर्षाला १० लाखांपर्यंत तो लागत नाही.

मंगळवार_पेठ_ते_मिशिगन

दादा, माझे माहेर मंगळवार पेठेतले आणि गेली काही वर्षे मी मिशिगनमधील एका विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात काम करते. मी वकील नाही, पण तुमच्या मुलीसारखी मुले रोज माझ्यासमोर बसतात. वर शिरोलीच्या दादांनी लिहिलेले सगळे बरोबर आहे. त्यात काही भर घालते.

व्हिसा म्हणजे पासपोर्टवर चिकटवलेला कागद, तो अमेरिकेच्या दारात उभे राहण्यापुरता असतो. आत गेल्यावर जपायचे असते ते स्टेटस, आणि ते कामाच्या तासांइतकेच अभ्यासावरही अवलंबून असते. पदवीच्या विद्यार्थ्याने प्रत्येक मुख्य सत्रात किमान १२ क्रेडिट (प्रत्येक विषयाच्या अभ्यासभाराचे माप) घेतलेच पाहिजेत आणि त्यात ऑनलाइन विषयाचे तीनच धरले जातात. दरवर्षी अशी मुले येतात, ज्यांनी गणिताचा पेपर अवघड गेला म्हणून घाबरून तो विषय सोडलेला असतो, क्रेडिट नऊवर आलेले असतात आणि आम्हाला ते दोन आठवड्यांनी कळते. आधी आमच्याकडे आली असती तर पहिल्याच सत्रातील अडचण, शिकवण्याच्या पद्धतीची सवय नसणे किंवा आजारपण अशा कारणांसाठी कमी क्रेडिटची परवानगी देता आली असती. नंतर हात बांधले जातात. म्हणून तिला एवढे पक्के सांगा, की विषय सोडण्यापूर्वी, काम सुरू करण्यापूर्वी आणि देशाबाहेर जाण्यापूर्वी विद्यापीठातील नियुक्त अधिकाऱ्याला, म्हणजे डीएसओला, ईमेलने विचारायचे आणि उत्तर जपून ठेवायचे. राहण्याचा पत्ता बदलला तर १० दिवसांच्या आत कळवायचे.

आता दुकानाविषयी. पैसे कोणत्या देशातून येतात यापेक्षा काम करणारी व्यक्ती काम करताना कोठे बसली आहे हे येथे पाहिले जाते. ती ओहायोतील खोलीत बसून दरमहा मोबदला घेऊन तुमच्या ऑर्डरी पाहणार असेल, तर ते परवानगीशिवाय केलेले काम धरले जाण्याची भीती खरी आहे. घरच्याच दुकानासाठी आहे, फुकट करते, असे म्हणूनही सुटका होईल यावर मी विसंबणार नाही, कारण ज्या कामाला तुम्ही एरवी माणूस ठेवून पगार दिला असता ते काम काहीही न घेता केले तरी काम ठरू शकते. तिने जाण्यापूर्वी वेबसाइटचे सगळे कोणातरी भावंडाच्या हाती द्यावे आणि दरमहाचे पैसे कामाचा मोबदला म्हणून देणे तेव्हापासून थांबवावे, हेच मला योग्य वाटते. सुट्टीत कोल्हापूरला आल्यावर तिने दुकानात बसून हवे तेवढे काम करावे.

काम शिकण्याचे आणि कमावण्याचे रीतसर मार्ग पुढे आहेत. एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्यावर अभ्यासक्रमाचाच भाग असलेली इंटर्नशिप सीपीटीखाली, म्हणजे शिकत असतानाच्या कामाच्या परवानगीखाली, करता येते. त्यासाठी आय-२०वर कंपनीचे नाव आणि तारखा नोंदल्या गेल्यावरच काम सुरू करायचे असते. ही पूर्णवेळ सीपीटी १२ महिने किंवा त्याहून जास्त झाली, तर ओपीटी, म्हणजे पदवीनंतर आपल्या विषयात काम करण्याची परवानगी, गमवावी लागते, एवढे लक्षात ठेवावे. ओपीटी १२ महिन्यांची असते, आणि संगणकशास्त्र स्टेम म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित विषयांच्या यादीत असल्यामुळे तिला नंतर आणखी २४ महिने मागता येतील. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळी इंटर्नशिपचे मानधन पुष्कळदा वर्षभराच्या ग्रंथालयाच्या कामापेक्षा जास्त मिळते, म्हणून पहिली दोन वर्षे गुण जपण्यातच तिचा फायदा आहे.

आणखी एक तरतूद आहे, जी फार थोड्या पालकांना ठाऊक असते. पहिले वर्ष झाल्यानंतर घरची परिस्थिती अनपेक्षितपणे बिघडली, उदाहरणार्थ वडिलांचा धंदा बसला, मोठे आजारपण आले किंवा चलनाचा दर फार घसरला, तर डीएसओच्या शिफारशीने यूएससीआयएस या अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे आय-७६५ हा कामाच्या परवानगीचा अर्ज करून आवाराबाहेर आठवड्याला २० तास काम करण्याची परवानगी मागता येते. मात्र संकट अनपेक्षित असावे लागते. आधीपासून ठाऊक असलेली आठ लाखांची तूट त्यात बसणार नाही, म्हणून ती आजच सोडवा.

मुलाखतीत अधिकारी पैशांविषयी विचारतील. तेथे जाऊन काम करून फी भरीन, हे उत्तर देऊ नये आणि मुळात तशी योजनाही असू नये. कर्जमंजुरीचे पत्र, तुमची विवरणपत्रे आणि दुकानाचे कागद हेच तिचे उत्तर असावे. २१४(बी) या कलमाखाली अर्जदार कायमचा राहायला येत आहे असे आधी गृहीत धरले जाते आणि ते खोडून काढण्याची जबाबदारी अर्जदाराची असते. त्यामुळे हाच अभ्यासक्रम का आणि पुढे काय, हे तिला स्वतःच्या शब्दांत सांगता आले पाहिजे. पाठ केलेले उत्तर लगेच ओळखू येते. २०२५च्या जूनपासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना समाजमाध्यमांवरील आपली खाती सार्वजनिक ठेवण्यास सांगितले जाते, तेही विसरू नका.

चप्पल_लाइन_कोल्हापूर

ताई आणि दादा, तुम्हा दोघांचे उत्तर रात्री मुलीला आणि तिच्या आईला वाचून दाखवले. आज सकाळी बँकेत जाऊन कर्जाची मर्यादा वाढवण्याचा अर्ज दिला आहे. तारण म्हणून गावाकडची जागा दाखवावी लागेल, पण माझी तयारी आहे. वेबसाइटचे काम पुतण्याकडे देतो. त्याला फोटो काढायचे शिकवायला मुलीने कालपासूनच सुरुवात केली आहे. सल्लागारांनाही फोन केला आणि दुसऱ्या मुलांना असे सांगू नका अशी विनंती केली. एकच विचारायचे राहिले: आवारातील काम मिळाल्यावर पगारासाठी आणि करासाठी तिला काय कागद करावे लागतील?

शिरोलीचा_फौंड्रीवाला

दादा, कर्जाचे काम केलेत हे फार चांगले झाले. काम मिळाल्याचे विभागाचे पत्र आणि डीएसओचे पत्र घेऊन तिने सोशल सिक्युरिटी कार्यालयात जावे, तेथे तिला पगारासाठी आणि करासाठी लागणारा क्रमांक मिळतो. हा क्रमांक कामाशिवाय मिळत नाही, त्यामुळे आधी धावपळ करू नये. कमाई असो वा नसो, फॉर्म ८८४३ (विद्यार्थी म्हणून तेथील मुक्कामाचे करासाठीचे निवेदन) दरवर्षी भरावाच लागतो. पगार मिळाला असेल तर १०४०-एनआर हे आयकर विवरणपत्रही भरावे लागते आणि त्याची मुदत १५ एप्रिल असते. पहिली पाच कॅलेंडर वर्षे विद्यार्थ्याच्या आवारातील पगारातून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा कर कापला जाऊ नये. चुकून कापला गेला तर पगार विभागाला सांगून परत मिळवावा. आमच्या मुलाचे दोन महिने कापले गेले होते आणि पगाराची पावती नीट वाचल्यामुळेच ते लक्षात आले.

मुंबईला महालक्ष्मीने जाणार असाल तर दोन्ही तारखांच्या मध्ये किती दिवस आहेत ते पाहून परतीचे तिकीट काढा. आय-२०ची सही केलेली मूळ प्रत, सेव्हिसची पावती आणि अर्जाचे पुष्टीपत्र मुलीच्या हातातल्या फोल्डरमध्ये ठेवा, बॅगेत नको.