ट्रेलरमधला टीव्ही कशावर चालवायचा? (नागपूरहून, जरा घाईत)

प्रेषक: धरमपेठकर

मंडळी,

गाडीमागे ओढायचा, आत राहता येणारा ट्रेलर आला एकदाचा. फोटो नंतर टाकतो, आधी काम. बनवणाऱ्याने २३० व्होल्टचे दोन सॉकेट दिलेत, छतावर शंभर-शंभर वॉटचे दोन सोलर पॅनल आहेत आणि बॅटरीच्या जागी रिकामा खण. 'बॅटरी, इन्व्हर्टर तुम्ही तुमच्या पसंतीने घ्या' म्हणे. शनिवारी रामटेकला खिंडसीवर न्यायचा आहे, नंतर पेंचच्या जंगलात सिल्लारीला.

चालवायचं काय? टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, वायफायचं डबडं, फोन आणि रात्री माझं सीपॅप (झोपेत मास्कमधून हवा देऊन श्वास चालू ठेवणारं यंत्र). अडलंय ते टीव्हीपाशी. तोच ३२ इंची, अमेरिकेहून कंटेनरमधून आणलेला, ज्यावर आपण हॉलमध्ये फायनल बघितली होती. मागच्या लेबलवर '१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ' एवढंच आहे, '१०० ते २४०' असं काही नाही. बर्डीचा दुकानदार म्हणतो, बॅटरीवर २३० चा मोठा इन्व्हर्टर लावा, त्याच्यापुढे स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर, मग टीव्ही. तो ट्रान्सफॉर्मर मी हातात उचलून बघितला आणि गपचूप खाली ठेवला.

हिला मालिका बुडालेली चालत नाही, मला झोप. नाना, तुम्ही बोला.

---

प्रेषक: महालकर काका

यात नानांना काय विचारायचं? घरचा इन्व्हर्टर उचल आणि ट्रेलरमध्ये ठेव. दीडशे एएचची (अँपिअर-अवरची) ट्युब्युलर, म्हणजे ॲसिडची बॅटरी, वर्षातून दोन-तीनदा डिस्टिल्ड वॉटर, बस. लोडशेडिंगच्या काळात इकडे अख्ख्या विदर्भाने याच्यावर दिवस काढले. माझ्या पुतणीच्या साखरपुड्याला व्हिडिओवाल्याचा लाईटसुद्धा याच्यावर चालला, आणि तेव्हाचे इन्व्हर्टर काय होते ते माहीत आहे ना, पंखा घूंऽऽ करायचा. आता तर घरच्या विजेसारखी स्वच्छ वीज देणारे साईन वेव्ह मिळतात.

लिथियम वगैरेच्या नादी लागू नको. मे महिन्यात नागपुरात बंद गाडीत काय होतं, हे तिकडे बसून कळत नाही.

आणि टीव्ही इथलाच घे. जुना देऊन टाक कुणाला.

---

प्रेषक: सचिव

सर्वांना विनंती. ही लिस्ट मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आहे. वैयक्तिक खरेदी-विक्री आणि तांत्रिक सल्ल्यासाठी वेगळी लिस्ट काढायचं मागच्या सभेत ठरलं होतं, तिथे फक्त चार जणांनी नाव नोंदवलं.

धरमपेठकर आता तिथले रहिवासी झाले, त्यामुळे वर्गणीचा प्रश्न आहेच, पण तो नंतर.

ता. क. मंडळाच्या जनरेटरची लांब पिवळी कॉर्ड गणपतीनंतर परत आलेली नाही. ज्यांच्या गॅरेजमध्ये आहे त्यांना माहीत आहे.

---

प्रेषक: छोटू (हिंगणा रोड)

सचिव साहेब, वर्गणीचं राहू द्या जी. धरमपेठकर काकांनी पाच वर्षं हॉलची साफसफाई केली आहे, आपण नुसते फोटोत.

काका, माझं ऐकाल तर टीव्ही घरीच ठेवा. फोनवर मालिका दिसते, फोन बारा व्होल्टच्या यूएसबीवर चार्ज होते, विषय संपला. जंगलात जाऊन टीव्ही कोण पाहते?

(पिवळी कॉर्ड माझ्याकडे नाही.)

---

प्रेषक: नाना

छोटू, जंगलात कोण काय पाहतं ते वहिनींना विचार, आणि विचारून झाल्यावर इथे कळव.

आता मुद्दा. इकडच्या, अमेरिकेतल्या ट्रेलरमध्ये दोन वेगळ्या वायरिंग असतात. दिवे, पाण्याचा पंप, फ्रिजचा कंट्रोल बॉक्स हे सगळं बारा व्होल्टवर. भिंतीतले सॉकेट १२० वर, आणि बाहेरून वीज जोडली तरच ते जिवंत. नवे मालक पहिल्या रात्री नेमके इथेच चिडतात: दिवे लागतात, टीव्हीचं सॉकेट मेलेलं. धरमपेठकरांकडे तेच आहे, फक्त १२० च्या जागी २३०.

बॅटरी मात्र दोन्ही देशांत बारा व्होल्टचीच. मग बॅटरीवरून २३० करा, पुन्हा १२० करा, हा फेरा कशाला? बारावरून थेट १२० देणारा तीनशे वॉटचा प्युअर साईन वेव्ह इन्व्हर्टर इकडे मिळतो. आकार जाडजूड पुस्तकाएवढा. तो फक्त टीव्हीसाठी. ६० हर्ट्झही जागच्या जागी मिळतात, जरी टीव्हीला त्याचं फारसं सोयरसुतक नाही. त्याच्या आतला पुरवठा येणाऱ्या विजेची आधी डीसीच करतो. त्याला मारतं ते व्होल्टेज. १२० चा टीव्ही २३० ला लावला तर एक फट्ट आवाज आणि वास.

बाकीच्या वस्तूंना इन्व्हर्टर लागतच नाही. सेट-टॉप बॉक्स आणि राउटर यांच्या अडॅप्टरवर 'आउटपुट १२ व्होल्ट' आहे का बघा. बहुधा असतं. मग ते बॅटरीवरूनच चालतात, फक्त मध्ये बारा व्होल्ट स्थिर ठेवणारा छोटा रेग्युलेटर टाका, कारण चार्ज होताना बॅटरी १४.४ पर्यंत चढते आणि स्वस्तातलं राउटर ते सहन करेलच असं नाही.

आता काकांच्या मोठ्या इन्व्हर्टरबद्दल. टीव्ही खातो ४५ वॉट. रोज तीन तास धरले तर १३५ वॉट-अवर. बॉक्सचे पस्तीसेक, राउटर दिवसभर चालू ठेवलं तर दीडशेच्या आत, फोन तीस, सीपॅप ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारा भाग) बंद ठेवून सव्वाशे. सगळं मिळून पावणेपाचशे. आणि मोठा इन्व्हर्टर काहीही न चालवता, नुसता 'ऑन' राहून वीस वॉट खात असेल, तर चोवीस तासांत ४८०. म्हणजे सगळ्या घराएवढं तो एकटाच खातो, आणि लोक शिव्या देतात टीव्हीला. लहान इन्व्हर्टर बसवा, बटण हाताशी ठेवा, मालिका संपली की बंद.

डिसेंबरात सपाट पॅनलमधून नागपूरला दिवसाला सहाशे-साडेसहाशे वॉट-अवर मिळावेत. सिल्लारीला झाडाखाली लावलात तर विसरा.

---

प्रेषक: महालकर काका

नाना, आकडेमोड उत्तम. पण बॅटरीचं उत्तर दिलं नाहीत. लिथियम उन्हात टिकतं का?

---

प्रेषक: डॅलसची वहिनी

नानांनी बाहेरच्या विजेचा उल्लेख केला म्हणून सांगते. ट्रेलर घेणाऱ्याने हे वाचावंच.

आमचा ट्रेलर आला तेव्हा घराशेजारी तीस अँपिअरचं सॉकेट बसवून घेतलं. इलेक्ट्रिशियनने तीस अँपिअर ऐकलं आणि कपडे वाळवायच्या ड्रायरचं समजून २४० जोडून गेला. ट्रेलरचं तीस अँपिअरचं सॉकेट १२० चं असतं. तीन टोकं, एक फेज, एक न्यूट्रल, एक अर्थ. आम्ही कॉर्ड लावली, मायक्रोवेव्हचं घड्याळ क्षणभर छान उजळलं आणि मग काहीच उजळेना. टीव्ही, कन्व्हर्टर (१२० चे बारा करणारा), मायक्रोवेव्ह, तिन्ही गेले. 'मी वीस वर्षं हेच काम करतोय' हे त्याचं उत्तर. यांनी त्यानंतर मल्टिमीटर घेतला, तो आता देवघराच्या खालच्या ड्रॉवरमध्ये असतो.

पन्नास अँपिअरचं सॉकेट वेगळं, त्यात १२० च्या दोन बाजू असतात. गल्लत नको.

---

प्रेषक: छोटू

वहिनी, मल्टिमीटर देवघरात? हळदकुंकू लावता का?

---

प्रेषक: नाना

वहिनींचा किस्सा धरमपेठकरांनी दुसऱ्या अंगाने घ्यावा. तुमच्याकडे धोका व्होल्टेजच्या जोडीला अर्थिंगचा आहे. ट्रेलरचं अंग पत्र्याचं, चाकं रबराची. नातेवाइकांच्या शेतातून कॉर्ड ओढली आणि तिथे अर्थ नुसता नावाला असला, तर गळणारी वीज पत्र्यात येते आणि ओल्या पायाने दार उघडणाऱ्याला बसते. १६ अँपिअरचा तीन पिनचा प्लग, जाड कॉर्ड, आणि ट्रेलरच्या तोंडाशीच ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच). हे टीव्हीच्या आधी. शेतावर मोटर सुरू झाली की व्होल्टेज खाली येतं, तेव्हा जोडण्याआधी मोजून बघा.

काका, बॅटरी. तुमची ट्युब्युलर वाईट नाही, घरात जिन्याखाली उत्तम आहे. पण दीडशे एएचची ॲसिडसकट पन्नास किलोच्या पुढे जाते, आणि टिकवायची तर निम्मीच वापरायची. चार्ज होताना हायड्रोजन सोडते, आणि धरमपेठकर तिच्या शेजारी नाकाला मास्क लावून झोपणार. खड्ड्यातून ट्रेलर उडाला की ॲसिड कुठे जाईल, ते मनसरकडचे रस्ते ठरवतील. लिथियम आयर्न फॉस्फेटची शंभर एएच बारा-तेरा किलोची, १२८० वॉट-अवर, त्यातले हजारभर बिनधास्त वापरा. ढगाळ दिवस आला तरी दोन रात्री निघतात.

उन्हाचं तुमचं म्हणणं मात्र बरोबर आहे, ते मी मानतो. इकडच्या लोकांना थंडीची काळजी, कारण शून्याखाली ही बॅटरी चार्ज करायची नसते. नागपूरला उलटं. मे महिन्यात ४५ च्या वर पारा आणि बंद ट्रेलर उभा उन्हात, म्हणजे आतलं तापमान बॅटरीला मानवणारं नाही. बीएमएस (बॅटरीतलं संरक्षक सर्किट) चार्जिंग तोडेल, पण उष्णतेने आयुष्य कमी होतं ते होतंच. बॅटरी छताजवळ नको, खालच्या खणात, हवेला वाट ठेवून. उन्हाळ्यात ट्रेलर उभा राहणार असेल तर ती काढून घरात आणा, साधारण अर्धी चार्ज करून.

सोलरवरून बॅटरी भरणारा चार्ज कंट्रोलर लिथियमच्या सेटिंगचा आहे का ते बनवणाऱ्याला विचारा.

---

प्रेषक: महालकर काका

मान्य. पण मे महिन्यात तिथे टीव्ही नाही, कूलर लागतो. खसचे पडदे, दीडशे-दोनशे वॉट, आणि रात्रभर. त्याचं गणित कोण करणार? टीव्हीवर एवढी चर्चा चालली आहे आणि उन्हाळ्याचं कुणी बोलतच नाही. आमच्या वाड्यात कूलरला पाणी घालायची पाळी असायची, त्यावरून दोन चुलत भाऊ अजून बोलत नाहीत.

---

प्रेषक: इतवारीची ताई

काका, मे महिन्यात ट्रेलर घेऊन कोण जातंय? चिखलदऱ्याला गेलात तरच.

धरमपेठकर दादा, सीपॅपबद्दल. आमच्याकडचं यंत्र २४ व्होल्टचं आहे. तुमच्याही अडॅप्टरच्या विटेवर 'आउटपुट २४ व्होल्ट' असेल तर बारावरून चोवीस करणारी डीसी केबल मिळते, इन्व्हर्टरची गरज नाही. विजेचा मोठा वाटा ह्युमिडिफायर आणि गरम नळी खातात. पण डिसेंबरात पेंचला पहाटे कोरडी थंडी असते, नाक सुकतं. आमचे हे ह्युमिडिफायर बंद ठेवतात आणि झोपताना नाकात सलाईनचा फवारा मारतात, त्यांना चालतं. डॉक्टरांना विचारून घ्या.

मी पुढच्या आठवड्यात नागपूरला येतेय. नानांनी सांगितलेला इन्व्हर्टर आणि ती केबल घेऊन येऊ का? बॅटरी आणणार नाही, विमानात तो ताप नको.

---

प्रेषक: धरमपेठकर

ताई, जरूर आणा. पैसे तिकडच्या खात्यातून पाठवतो.

म्हणजे असं ठरतंय: टीव्ही राहतो (काका, तो कुणाला द्यायचा नाही, हिने स्पष्ट सांगितलंय). शंभर एएचची लिथियम बर्डीवर बघून ठेवली. ट्रान्सफॉर्मर रद्द. या शनिवारी खिंडसीला मुक्कामी वीज घेऊन सीपॅप तेवढं चालवतो, त्याचा अडॅप्टर १०० ते २४० चा आहे. मालिका फोनवर. छोटू खूश.

एक राहिलं. टीव्हीचा ट्यूनर तिकडचा, इथले चॅनल पकडणार नाही, पण बॉक्स एचडीएमआयने जोडला की चालतं ना? आणि फ्री डिशची छत्री कुठल्या बाजूला करायची?

---

प्रेषक: नाना

एचडीएमआयला ट्यूनरशी देणंघेणं नाही. चालेल.

डीडी फ्री डिश जीसॅट-१५ वर, ९३.५ अंश पूर्व. नागपूर परिसरातून आग्नेयेला, दक्षिणेकडून पूर्वेकडे साधारण ३५ अंश वळून, आणि वर साठ अंश. म्हणजे बऱ्यापैकी डोक्यावर, तेव्हा लांबच्या झाडांची अडचण नाही, जवळच्या सागाची आहे. छत्री ट्रेलरवर बसवू नका. आत माणूस चालला की ट्रेलर हलतो आणि सिग्नल जातो. जमिनीवर तिवई.

इन्व्हर्टर सिगारेट लायटरच्या सॉकेटला जोडू नका. थेट बॅटरीवर, दहा स्क्वेअर मिलिमीटरची वायर, लांबी दीड मीटरच्या आत, आणि चाळीस अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. बारा व्होल्टचा शॉक बसत नाही, पण फ्यूज नसलेली वायर पेट घेते.

---

प्रेषक: सचिव

ताई, पुढच्या आठवड्यात जाताय तर हिवाळी अंक छापखान्यातून घ्याल का? विधानसभेच्या अधिवेशनाच्या गर्दीत कुरिअरवाल्यांचा भरवसा नाही. साधारण सहा किलो होतील.

---

प्रेषक: इतवारीची ताई

येताना आणीन, पण मग माझ्या बॅगेत संत्रा बर्फीला जागा राहणार नाही, हे कार्यकारिणीला आधीच सांगून ठेवा.

दादा, इन्व्हर्टर आज मागवला. फ्यूज आणि होल्डर सोबत घेतलाय, वायर तुम्ही तिकडे घ्या. आणि सचिवसाहेब, तुमची पिवळी कॉर्ड आमच्या यांच्या ट्रकमध्ये निघाली. रविवारी पाठवते.