रेल्वे-विमानाचा अपघात झाला की आधी चौकशी की आधी अटक? सोलापूरकरांनो, मत सांगा

रामवाडीकर
अपघात झाला की चोवीस तासांत कुणाच्या तरी नावावर खापर फुटतं, आणि बहुतेक वेळा जो गेला त्याच्याच. माझं मत सरळ आहे. अपघात का झाला हे शोधणं वेगळं आणि कुणाला आत टाकायचं ते वेगळं, आणि पहिलं काम संपेपर्यंत पोलिसांनी माणसं उचलू नयेत.

17 जून 2024 ला बंगालमध्ये कांचनजंगा एक्सप्रेसला मागून मालगाडी धडकली. त्याच दिवशी रेल्वे बोर्डाकडून सांगून टाकलं की मालगाडीच्या लोको पायलटनं सिग्नल पाळला नाही. तो तर गेलेला, बोलणार कोण? पुढं रेल्वे अपघातांची चौकशी करणाऱ्या रेल्वे सुरक्षा आयुक्तांचा अहवाल आला आणि चित्रच पालटलं. पहाटेपासून ऑटोमॅटिक सिग्नल बंद होते, म्हणून ड्रायव्हरांना लाल सिग्नल ओलांडायचा टी/ए 912 फॉर्म दिलेला, पण स्पीड किती ठेवायचा हे नीट कळवलेलंच नव्हतं. त्या सकाळी सेक्शनमध्ये सात गाड्या शिरल्या, त्यातल्या एकट्या कांचनजंगानं ताशी 15 किमीचा स्पीड आणि प्रत्येक बंद सिग्नलला एक मिनिट थांबणं पाळलं, बाकीच्या सहांनी नाही. सात जणांतले सहा जण तेच करतात तेव्हा तो एका माणसाचा दोष कसा म्हणायचा? ट्रेनिंग कुणी दिलं, फॉर्म कुणी भरला, सिग्नल बंद पडल्यावर काय करायचं हे कुणी ठरवलं, हे विचारायला नको का?

वकीलबाई_सात रस्ता
काका, तुमचं दुःख कळतं पण मला हे अजिबात पटत नाही. मेलेल्या माणसाच्या घरच्यांनी काय करायचं मग? अहवालाची वाट बघत बसायचं? विमानाचा अंतिम अहवाल एएआयबीच्या, म्हणजे विमान अपघातांची चौकशी करणाऱ्या सरकारी खात्याच्या साइटवर कुणीही वाचू शकतं, रेल्वेचा मात्र बऱ्याचदा पत्रकाराच्या हाती लागला तरच कळतो. 2023 च्या बालासोर रेल्वे अपघाताच्या वेळी तर सीबीआयच्या तपासावर परिणाम नको म्हणून अहवाल जाहीर करणार नाही असंच सांगितलं होतं. एफआयआर झाला, कोर्टात केस उभी राहिली, तर निदान कागद बाहेर येतो, साक्षीपुरावा होतो, उलटतपासणी होते. तुम्ही म्हणताय तसं पोलिसांना थांबवलं तर सगळं खात्यातल्या खात्यात मिटतं. सुरक्षा आयुक्त विमान मंत्रालयाखाली असतात हे बरोबर, 1941 पासून रेल्वे बोर्डापासून वेगळे काढलेत, पण ते अधिकारी येतात कुठून? रेल्वेतूनच. आणि विमानाचं बघा, एएआयबी आणि विमान कंपन्यांवर लक्ष ठेवणारं डीजीसीए दोन्ही एकाच मंत्रालयाखाली. डीजीसीएचीच चूक असेल तर एएआयबी ती किती मोकळेपणानं लिहील?

कुर्डुवाडीचा पोरगा
ताई माझा दादा असिस्टंट लोको पायलट आहे म्हणून बोलतो. 29 ऑक्टोबर 2023 ला आंध्रात विजयनगरमजवळ दोन पॅसेंजर धडकल्या. मार्च 2024 मध्ये रेल्वेमंत्री म्हणाले ड्रायव्हर आणि असिस्टंट मोबाइलवर क्रिकेट बघत होते. दोघंही गेलेले. त्यांच्या पोराबाळांनी हे टीव्हीवर ऐकलं असणार. नंतर चौकशी अहवालातली फोनची माहिती बाहेर आली, त्यात क्रिकेट बघण्याचं काही निघालं नाही. आता ती बातमी किती लोकांनी वाचली सांगा? आमच्या गल्लीत अजून लोक क्रिकेटचंच बोलतात, दादा घरी आला की आई पहिलं विचारते फोन बंद ठेवतोस ना.

वकीलबाई_सात रस्ता
@कुर्डुवाडी हे वाईटच झालं. पण हे बोलले मंत्री, पोलिस नाही. अटक नसती झाली तरी बदनामी झालीच असती. म्हणजे रोग दुसराच आहे, अहवालाआधी वरच्यांनी बोलू नये हा. तो नियम करा, मी सही करते.

जुळे सोलापूर
विमानाचं बोला की मालक, आता आपल्याकडंपण विमान उडतंय. होटगी रोडच्या विमानतळासाठी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी 15 जून 2023 ला पाडली तेव्हा गावात केवढी भांडणं झाली, शेतकरी एकीकडं, विमानवाले एकीकडं. कारखान्याची बाजू मला आजपण पटते पण एक गोष्ट खरी की चिमणीचा विमानाला अडथळा आहे हे अपघाताच्या आधी कुणीतरी कागदावर लिहिलं होतं.

आणि हे आधी लिहिलं नाही की काय होतं ते आपल्या महाराष्ट्रातच झालंय. 26 एप्रिल 1993, औरंगाबाद. इंडियन एअरलाइन्सचं बोईंग 737 उडताना धावपट्टीच्या टोकाला बीड रोडवरच्या कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकला चाक लागलं, मग विजेच्या तारा, आणि 55 माणसं गेली. चौकशीत पायलटनं उशिरा उचललं हे निघालं, आणि विमानाच्या वेळेला त्या रोडवरची वाहनं अडवली नव्हती हेपण निघालं. दोन्ही. नुसता पायलटला धरून बसले असते तर ट्रक चालूच राहिले असते.

रामवाडीकर
@जुळे सोलापूर अगदी हेच म्हणतोय मी.

वकीलताई, आता बालासोरचं सांगतो, माझी सगळी नोकरी सिग्नल खात्यात गेली म्हणून. 2 जून 2023, बहानगा बाजार स्टेशन. सिग्नल मेनलाइनचा हिरवा आणि पॉइंट, म्हणजे रूळ बदलायचा सांधा, मात्र बाजूच्या लूपलाइनला लागलेला, कोरोमंडल एक्सप्रेस जोरात आली ती थेट उभ्या मालगाडीवर. अहवालात निघालं की 2018 ला तिथल्या गुमटीत, म्हणजे सिग्नलच्या खोलीत, वायरिंग बदलताना चूक राहिली होती, आणि अपघाताच्या दिवशी 94 नंबरच्या गेटचं बॅरियर बदलायचं काम चालू होतं त्यात ती उघडी पडली. सीबीआयनं धरले तिघं, सीनियर सेक्शन इंजिनिअर, सेक्शन इंजिनिअर आणि टेक्निशियन.

हे काम कसं असतं ते बघा. रात्री रुळाकडेचा सिग्नलच्या वायरींचा लोकेशन बॉक्स उघडायचा, तोंडात टॉर्च, आत शंभर वायरी, प्रत्येकीला टॅग, त्यातले निम्मे पुसलेले, ड्रॉइंग एक सांगतं आणि समोर दुसरंच दिसतं. सिग्नल तोडतोय असं लिहिलेला डिसकनेक्शन मेमो स्टेशन मास्तरला दिल्याशिवाय हात लावायचा नाही हा नियम, आणि तिकडं कंट्रोलचा फोन, गाडी तटलीये, लवकर जोडा. आता समजा ह्या माणसाला ड्रॉइंग चुकीचं आहे हे दिसलं. वर कळवलं तर पहिला प्रश्न येणार, तू हात का लावला? मग तो कळवेल का?

8 फेब्रुवारी 2023 ला, म्हणजे बालासोरच्या चारच महिने आधी, कर्नाटकात होसदुर्ग रोडला संपर्क क्रांती एक्सप्रेसला असाच चुकीचा पॉइंट लागलेला, ड्रायव्हरच्या लक्षात आलं म्हणून गाडी थांबली. एका वरिष्ठ अधिकाऱ्यानं सिग्नलच्या पद्धतीत गंभीर दोष आहे म्हणून पत्र लिहिलं. त्या पत्राचं काय झालं हे खरं विचारायला पाहिजे. तिघांना आत टाकून ते कळत नाही.

वकीलबाई_सात रस्ता
काका, पण ह्यातून तर माझाच मुद्दा सिद्ध होतो. पत्र आलं आणि वरच्यांनी काही केलं नाही, मग त्या वरच्यांना कोर्टाशिवाय कोण विचारणार? सुरक्षा आयुक्त शिफारस करतात, शिक्षा करत नाहीत. तपास तिघांवर थांबला ही तपासाची कमजोरी आहे, कायद्याची नाही. तपास वरपर्यंत न्या असं म्हणा, बंद करा असं नका म्हणू.

कुर्डुवाडीचा पोरगा
वरपर्यंत जातच नाही ना ताई. कधी गेलाय?

रामवाडीकर
वकीलताई, पोलिस नकोत असं मी म्हणतच नाही. दारू पिऊन गाडी चालवली, खोटी सही केली, जाणूनबुजून टेस्टिंग टाळलं, तर खुशाल घाला आत. पण विमानाच्या अपघातात अॅनेक्स 13 हा जगभरचा नियम सरळ सांगतो की चौकशीचा हेतू पुढचा अपघात टाळणं हा आहे, दोष वाटणं नाही. अहमदाबादला 2025 मध्ये पडलेल्या एअर इंडियाच्या विमानाचं बघा, प्राथमिक अहवालात इंजिनाचं इंधन तोडणारे दोन्ही फ्युएल स्विच एका सेकंदाच्या अंतरानं बंद झाले, एका पायलटनं बंद का केलंस विचारलं आणि दुसरा मी नाही केलं म्हणाला, असं दिलं होतं, पण कुणी केलं, का झालं, काहीच नाही. तरी टीव्हीवाल्यांनी लगेच पायलटला दोषी ठरवून टाकलं. चौकशीवाल्यासमोर माणूस जे सांगतो ते उद्या त्याच्याच विरुद्ध कोर्टात येणार असेल तर तो वकिलाला विचारूनच तोंड उघडेल, बरोबर ना? तुम्हीच त्याला गप्प बस म्हणाल.

वकीलबाई_सात रस्ता
हो, म्हणेन. अशिलाला गप्प बस सांगणं माझं काम आहे. म्हणून चौकशीतला जबाब कोर्टात पुरावा म्हणून वापरायचा नाही, एवढं मला मान्य. वायरी, लॉगबुक, ब्लॅक बॉक्स, फोनचं रेकॉर्ड मात्र पोलिसांनापण मिळालंच पाहिजे, पहिल्या दिवसापासून, नाहीतर वर्षभरानं हाती काय लागणार? आणि प्रत्येक रेल्वे अपघाताचा पूर्ण अहवाल ठरलेल्या मुदतीत जाहीर झाला पाहिजे, मराठीतसुद्धा. खासदारांना निवेदन द्यायचं असेल तर मसुदा मी लिहिते. फक्त "चौकशी संपेपर्यंत अटक नको" हे वाक्य त्यात असेल तर माझी सही नाही.

रामवाडीकर
ते वाक्य मी काढणार नाही. बाकीचं लिहा, दोन निवेदनं देऊ.