‘तेनेर’ या स्पॅनिश क्रियापदाचा तक्ता पाठ आहे, पण बोलताना अडते

प्रश्न (नवशिका)

नमस्कार. मी सहा महिन्यांपासून स्पॅनिश शिकत आहे. ‘तेनेर’ (जवळ असणे) या क्रियापदाची वर्तमानकाळाची रूपे झोपेतून उठवले तरी म्हणून दाखवीन: तेंगो, तिएनेस, तिएने, तेनेमोस, तेनेइस, तिएनेन. मात्र परवा वर्गात ‘मला दोन भाऊ आहेत’ असे सांगायचे होते आणि तोंडून ‘तिएनेन दोस एर्मानोस’ निघून गेले. त्याचा अर्थ ‘त्यांना दोन भाऊ आहेत’ असा होतो. शिक्षकांनी चूक सुधारली आणि तक्ता वीस वेळा लिहून आणायला सांगितला. तो लिहूनही काल पुन्हा तेच झाले. असे का होत असावे?

उत्तर (दुभाषी)

तक्ता आणखी शंभर वेळा लिहिलात तरी ही चूक जाणार नाही, कारण तिचे मूळ आपल्या मराठीत आहे. ‘मला दोन भाऊ आहेत’ यातले ‘आहेत’ भावांमुळे आले. भाऊ एकच असता तर तुम्ही ‘आहे’ म्हटले असते. म्हणजे आपले क्रियापद भावांकडे बघून बदलते, आणि ज्याचे भाऊ तो ‘मला’ होऊन बाजूला उभा राहतो. स्पॅनिशमध्ये तोच कर्ता असतो, त्यामुळे भाऊ एक असो वा दहा, बोलणारे तुम्ही असाल तर ‘तेंगो’च. तुमच्या कानात ‘आहेत’ घुमत होते, म्हणून जिभेने अनेकवचनी ‘तिएनेन’ उचलले.

शिवाय मराठीत हा एकच संबंध किती तऱ्हांनी सांगितला जातो ते पाहा: मला भाऊ आहे, माझ्याकडे गाडी आहे, माझ्याजवळ वेळ आहे, मला ताप आहे. स्पॅनिशमध्ये या सगळ्यांना ‘तेंगो’ पुरते. तेव्हा सराव करताना ‘तेंगो’ तसेच ठेवा आणि पुढची वस्तू बदलत राहा. ते जिभेवर बसले की मग माणूस बदला.

भुकेचेही असेच आहे. ‘मला भूक लागली आहे’ म्हणजे ‘तेंगो आंब्रे’. इंग्रजीच्या वळणाने जाणारे इथे ‘असणे’ या अर्थाचे क्रियापद वापरतात आणि फसतात. आंब्रे हे नाम आहे, तेही स्त्रीलिंगी, म्हणून ‘खूप भूक’ म्हणताना विशेषणाआधी येणारे ‘मुय’ (खूप) नव्हे, ‘मुचा आंब्रे’ म्हणायचे. वयसुद्धा याच क्रियापदाने सांगतात: ‘तेंगो त्रेइंता आन्योस’, म्हणजे मी तीस वर्षांचा आहे.

उत्तर (व्याकरणप्रेमी)

वरील विवेचनात रूपांविषयी थोडी भर घालतो. वर्तमानकाळात खरे पाठ करण्याजोगे रूप एकच, ‘तेंगो’, आणि त्यालाही बेंगो (येतो), पोंगो (ठेवतो), साल्गो (बाहेर पडतो) अशी भावंडे आहेत. बाकी ठिकाणी आघात धातूवर पडला की ‘ते’चे ‘तिए’ होते. ‘तेनेमोस’मध्ये आघात पुढे सरकतो, म्हणून तिथे ‘ते’ तसेच राहते.

भूतकाळ मात्र जपून वापरावा. ‘तेनीआ उन इखो’ म्हणजे ‘मला एक मुलगा होता’, आणि ‘तूबे उन इखो’ म्हणजे ‘मला मुलगा झाला’. ‘होता’ आणि ‘झाला’ यांतला फरक मराठी माणसाला जन्मतः ठाऊक असल्यामुळे, इंग्रजीतून शिकणाऱ्याला जिथे घाम फुटतो तिथे आपले काम सोपे होते.

उत्तर (प्रवासी)

‘तेनेइस’ या रूपावर फार वेळ घालवू नका, ते प्रामुख्याने स्पेनमध्येच ऐकू येते. लॅटिन अमेरिकेत ‘तुम्ही सगळे’ यासाठीही ‘तिएनेन’ म्हणतात. अर्जेंटिनात तर ‘तू तिएनेस’च्या जागी ‘बोस तेनेस’ म्हणतात.

नवशिका

सर्वांचे आभार. ‘आहेत’चा मुद्दा कोणी आधी सांगितला असता तर वीस पाने वाचली असती! आणखी एक शंका: ‘मला जायचे आहे’ याला ‘तेंगो के इर’ म्हणावे का?

दुभाषी

प्रत्येक वेळी नाही. आपल्या ‘जायचे आहे’मध्ये इच्छाही असू शकते आणि गरजही, स्पॅनिशला मात्र त्यांतले एक निवडावे लागते. मनातून जायचे असेल तर ‘किएरो इर’, जाणे भाग असेल तर ‘तेंगो के इर’. इथे ‘तेंगो’ माणसाप्रमाणे बदलते, ‘इर’ मात्र मूळ रूपातच राहते. दात काढून घ्यायला जायचे असेल, तर ‘तेंगो के’ म्हणा.