मदत हवी आहे : कोलेस्टेरॉल २६२, गोळी न घेता तीन महिन्यात खाली कसं आणू?

महापे_नाईटशिफ्ट
कंपनीचं वार्षिक चेकअप झालं, कोलेस्टेरॉल २६२ आलंय. डॉक्टरनी दोन मिनिटं रिपोर्ट बघितला न बघितला आणि गोळी लिहून दिली. मला गोळी नकोय, एकदा चालू झाली की जन्माची चिकटते म्हणतात. मी हट्ट धरला तर म्हणाले बरं, तीन महिने खाणंपिणं सांभाळा मग बघू. आता सांभाळा म्हणजे नक्की काय सांभाळा? घरचंच खातो, डबा नेतो, दारू नाही, सिगरेट नाही, वडापावसुद्धा महिन्यातून एखादा. त्यात तीन आठवडे असेच गेले. कोणी नुसत्या डाएटने खरंच खाली आणलंय का? काय खाल्लं, किती दिवसात किती उतरलं एवढंच सांगा. "डॉक्टरांना विचारा" वाले प्रतिसाद नकोत, त्यांना विचारूनच इथे आलोय.

पॅथॉलॉजीवाला_वाशी
२६२ काय? टोटल? एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) किती, एचडीएल (चांगलं) किती, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) किती? वय, वजन? नुसतं २६२ म्हणजे गॅरेजला फोन करून "गाडी आवाज करतेय, काय झालं असेल" विचारण्यातला प्रकार आहे.

लसूणवाली_माई
अरे बाळा काही घाबरू नकोस. आमच्या ह्यांचं २८० होतं. सकाळी उठल्या उठल्या लसणाच्या दोन पाकळ्या ठेचायच्या, दहा मिनिटं तशाच ठेवायच्या आणि कोमट पाण्याबरोबर गिळायच्या. जोडीला जेवताना जवसाची चटणी रोज एक चमचा, पण जवस भाजून नीट कुटलेले हवेत, अख्खे खाल्ले तर जसे जातात तसे बाहेर येतात. चार महिन्यात २१० वर आले. नौपाड्यात आमच्या बिल्डिंगमधल्या तिघांना फरक पडलाय.

पॅथॉलॉजीवाला_वाशी
माई, काकांना त्या चार महिन्यात गोळी चालू होती का?

लसूणवाली_माई
होती, पण ती कधी घ्यायचे कधी विसरायचे. लसूण मात्र मी स्वतः हातावर ठेवायचे.

पॅथॉलॉजीवाला_वाशी
जवसाला माझी ना नाही, फायबर आहे, ओमेगा ३ आहे. लसणाचा झालाच तर किंचित फरक होतो, त्यावर २८० चं २१० होणार नाही. पण असो.

कोकणी_बाणा
सगळा घोळ रिफाइंड तेलाचा आहे. आमची आजी ९१ वर्षं जगली, रोज ओला नारळ, माशाच्या कालवणात खोबरं, केसाला आणि पोटाला एकच तेल. कुठे होतं कोलेस्टेरॉल? लाकडी घाण्याचं खोबरेल आणा, रोज सकाळी एक चमचा.

पॅथॉलॉजीवाला_वाशी
आजीचं लिपिड प्रोफाइल कोणी केलं होतं का? नाही ना. मग "कुठे होतं" कसं म्हणता? खोबरेल तेलातलं जवळजवळ ९० टक्के फॅट सॅच्युरेटेड, म्हणजे एलडीएल वाढवणारं असतं, तुपातलं ६० च्या आसपास, शेंगदाणा तेलातलं २० पेक्षा कमी. घाणा लाकडी असो नाहीतर सोन्याचा, त्याने हे आकडे बदलत नाहीत. आजी भाताच्या खाचरात दिवसभर वाकून काम करायची, धागाकर्ते महाप्याला खुर्चीत बसतात.

कोकणी_बाणा
झालं, लॅबवाल्यांना धंदा हवाच आहे.

घोडबंदर_ट्रॅफिक
एअर फ्रायर घ्या. आम्ही दिवाळीत घेतला, भजीसुद्धा होतात. फक्त चार लिटरचा घेऊ नका, लहान पडतो.
अवांतर : व्यायामाचं सगळे सांगतात पण आमचे रोजचे दोन तास कापूरबावडी ते कासारवडवली जातात, चालायचं कधी? रविवारी येऊरला जातो तेवढंच.

महापे_नाईटशिफ्ट
एअर फ्रायर कोणी विचारला?? रिपोर्ट घरी होता म्हणून उशीर झाला. टोटल २६२, एचडीएल ४१, ट्रायग्लिसराइड १९०, एलडीएल १८३. वय ३९, उंची पाच फूट सात, वजन ८१. आता सांगा.

पॅथॉलॉजीवाला_वाशी
हे आधी टाकलं असतं तर वीस प्रतिसाद वाचले असते. गणित बरोबर आहे, २६२ मधून ४१ गेले, ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा म्हणजे ३८ गेले, उरले १८३. एलडीएल १०० च्या आत असलेलं बरं, १६० च्या वर जास्त धरतात, १९० च्या वर गेलं की घराण्यातूनच आलंय का तेही बघतात. खाणं नीट सांभाळलं तर बहुतेकांचं दहा-पंधरा टक्के उतरतं. म्हणजे तुमचं १८३ चं १५५-१६५ होईल. १०० होणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

डबेवाली_ऐरोली
दादा, मी डबे देते, रोज पन्नासेक. "घरचंच खातो" हे वाक्य मी रोज ऐकते. एका दिवसाचं सगळं लिहा बघू, उठल्यापासून झोपेपर्यंत, चहाबरोबरचंसुद्धा.

महापे_नाईटशिफ्ट
ड्युटी संध्याकाळी सात ते पहाटे चार. दुपारी बारा-एकला उठतो, चहा-खारी. दोनला जेवण, चपाती भाजी वरण भात, वर साजूक तूप कारण ते चांगलं असतं. सहाला निघताना चहा-खारी. दहाला डबा. मग एकला आणि तीनला चहा, तेव्हा टीममध्ये कोणी ना कोणी खारी नाहीतर नानकटाई आणतं. घरी येऊन दूध पिऊन झोपतो. तळलेलं काहीच नाही. खारी हलकीच असते ना.

डबेवाली_ऐरोली
हलकी!! एक काम करा. तो रिपोर्टचा कागद आहे ना, त्यावर एक खारी ठेवा, पाच मिनिटांनी उचला आणि कागद उजेडात धरा.

महापे_नाईटशिफ्ट
केलं. नेमका एलडीएलच्या ओळीवर डाग पडलाय, पलीकडचा ट्यूबलाइट दिसतोय. दिवसाला आठ-दहा होत असतील.

डबेवाली_ऐरोली
मैदा आणि वनस्पती तूप, एकावर एक घड्या देत थर केलेले, म्हणून तर पदर सुटतात. वनस्पती तुपातलं ट्रान्स फॅट २०२२ पासून २ टक्क्यांच्या वर चालत नाही म्हणून लोक निर्धास्त झालेत, पण त्याच्या जागी पामतेलातलं वगैरे घट्ट फॅट येतं, तेही सॅच्युरेटेडच. खारी बंद. नानकटाई तिची सख्खी बहीण, तीही बंद. रात्री एकला भूक लागते ती खरी असते, तेव्हा फुटाणे न्या, पेरू न्या, सफरचंद न्या. दहाच्या डब्यात रोज एक वाटी कडधान्य पाहिजेच, चवळी, मटकी, राजमा आलटून पालटून, आणि भात अर्धा. भेंडी, वांगं चालतं, पण भरली वांगी करून वर तेलाचा तवंग नको. घरात तेल मोजा, महिन्याला माणशी अर्धा लिटरच्या वर जात असेल तर फोडणीत गडबड आहे. ओट्स खाणार असाल तर दुधावर दोन चमचे भुरभुरवून काही होत नाही, त्यातल्या बीटा ग्लुकनचा (विरघळणाऱ्या फायबरचा) उपयोग व्हायला दिवसाला ३ ग्रॅम लागतं, म्हणजे कच्चे ओट्स जवळजवळ ७५ ग्रॅम. आवडत नसतील तर ओढूनताणून खाऊ नका, इसबगोल घ्या, भरपूर पाण्याबरोबर. नाहीतर पोट धरून बसाल आणि मला शिव्या द्याल.

पापलेटप्रेमी
अंडी आणि कोलंबीचं काय? मला पण २३० आहे, दिवाळे गावच्या मासळी बाजारात जाणं बंद करायचं का?

डबेवाली_ऐरोली
बांगडा, तारली बिनधास्त खा, फक्त रव्यात घोळवून तळू नका. कोलंबीत कोलेस्टेरॉल असतं पण सॅच्युरेटेड फॅट फार कमी, आठवड्यातून एकदा कालवण करून खाल्लीत तर आभाळ कोसळणार नाही. अंड्याचं डॉक्टरांशी बोला, डायबेटिस असेल तर हिशोब वेगळा.

कोकणी_बाणा
कोलंबीच्या कालवणात खोबरं चालतं वाटतं?

नेरूळकर_आजोबा
मी ज्वेल ऑफ नवी मुंबईला रोज सकाळी तळ्याभोवती चार फेऱ्या मारतो. फ्लेमिंगो आले की पाच होतात. वय ७१. २०१४ ला अँजिओप्लास्टी झाली, तेव्हापासून गोळी चालू आहे, मी ठणठणीत आहे. त्याआधी सहा वर्षं मीसुद्धा "गोळी नको, जन्माची चिकटते" म्हणत होतो. महापेवाले, एकच सांगा, घरात कुणाला हार्टचं काही?

महापे_नाईटशिफ्ट
वडिलांची अँजिओप्लास्टी झाली होती, ते ४८ चे असताना. पण ते दिवसाला पाकीटभर सिगरेट ओढायचे, मी ओढत नाही त्यामुळे ते लिहिलं नाही.

नेरूळकर_आजोबा
हे पाचव्या पोस्टला सांगतोस होय! वडिलांना ५५ च्या आत झालं की त्याला महत्त्व असतं बाळा, सिगरेट असो वा नसो. तुझ्या डॉक्टरला हे सांगितलंस का?

महापे_नाईटशिफ्ट
त्यांनी विचारलं नाही.

कोकणी_बाणा
बघा, आता घाबरवून गोळीवर आणणार पोराला. गोळीने स्नायू दुखतात, लिव्हर खराब होतं, माझ्या मेव्हण्याने दोन महिन्यात सोडली.

नेरूळकर_आजोबा
काहींचे स्नायू दुखतात, मग डॉक्टर डोस बदलतात नाहीतर गोळी बदलून देतात. मेव्हण्याने परत जाऊन सांगितलं का, की नुसतीच सोडली?

कोकणी_बाणा
धागा मेव्हण्याचा नाही.

घोडबंदर_ट्रॅफिक
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. (एअर फ्रायरमधले.)

पॅथॉलॉजीवाला_वाशी
मंडळी, भांडण जरा थांबवा. महापे, चेकअपच्या पॅकेजमध्ये टीएसएच (थायरॉईडची टेस्ट) असतं बहुतेक, ते किती आलंय? आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर)?

महापे_नाईटशिफ्ट
एचबीएवनसी ५.६. टीएसएच तिसऱ्या पानावर आहे, १४.८. ठळक अक्षरात दिलंय पण ते थायरॉईडचं वेगळं ना, आणि ते बायकांना होतं म्हणून सोडून दिलं. मला आधी हे कोलेस्टेरॉल निपटायचंय.

पॅथॉलॉजीवाला_वाशी
अहो तेच तर! टीएसएच एवढं वाढलं म्हणजे थायरॉईड मंद पडलंय, आणि थायरॉईड मंद पडलं की लिव्हरवरचे एलडीएल ओढून घेणारे रिसेप्टर कमी होतात, म्हणजे रक्तात एलडीएल साचत राहतं. ब्राउन आणि गोल्डस्टीनना १९८५ चं नोबेल मिळालं ते ह्याच रिसेप्टरवरच्या कामासाठी. कोलेस्टेरॉल वाढलेलं दिसलं की थायरॉईड बघायचंच असतं. थकवा येतो? थंडी वाजते? बद्धकोष्ठ?

घोडबंदर_ट्रॅफिक
नोबेल परीक्षेला येणारे का?

महापे_नाईटशिफ्ट
तिन्ही आहेत. थकवा शिफ्टमुळे वाटला आणि थंडी ऑफिसच्या एसीमुळे, मी तर जॅकेट घालून बसतो. पण मग डॉक्टरनी का नाही सांगितलं?

डबेवाली_ऐरोली
तुम्ही त्यांना तिसरं पान दाखवलंत का?

महापे_नाईटशिफ्ट
मोबाईलवर पहिल्या पानाचा फोटो दाखवला होता. रिपोर्ट नऊ पानी आहे.

नेरूळकर_आजोबा
आणि वर म्हणतोस दोन मिनिटं बघितला. एका पानाला दोन मिनिटं म्हणजे चांगली दिली त्याने. उद्याच्या उद्या नऊ पानं घेऊन जा, आणि वडिलांचं स्वतःहून सांग.

लसूणवाली_माई
थायरॉईडला धण्याचं पाणी चांगलं. आणि लसूण सोडू नकोस.

पॅथॉलॉजीवाला_वाशी
माई, प्लीज. महापे, थायरॉईडची गोळी लागली तर ती उपाशीपोटी, चहाच्या अर्धा-पाऊण तास आधी. तुम्ही दुपारी उठता तर तेव्हाच. इसबगोल त्याच वेळी घेऊ नका, दोन्हीत चांगलं अंतर ठेवा, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही.

*(सुमारे सव्वादोन महिन्यांनी)*

महापे_नाईटशिफ्ट
धागा वर काढतोय, ज्यांनी विचारपूस केली त्यांच्यासाठी. दुसऱ्याच दिवशी नऊ पानं घेऊन गेलो. डॉक्टर आधी तिसरं पान बघून आणि मग माझ्याकडे बघून गप्पच बसले. टीएसएच परत केलं, तेवढंच आलं, थायरॉईडची गोळी सुरू झाली. खारी बंद (पहिले दहा दिवस फार वाईट गेले, टीमने मुद्दाम डबा उघडा ठेवला), तूप एका चमच्यावर, कडधान्य रोज, ओट्स जमले नाहीत. शिफ्टला जायच्या आधी सेंट्रल पार्कला चाळीस मिनिटं चालतो, आठवड्यातून चार-पाच दिवस. वजन ७७. आठ आठवड्यांनी टीएसएच ४.१, टोटल २१४, एचडीएल ४३, ट्रायग्लिसराइड १५५, एलडीएल १४०. किती थायरॉईडने उतरलं आणि किती खारीने ते कळायला मार्ग नाही. लिपोप्रोटीन ए (एलडीएलसारखंच, पण घराण्यातून येणारं) म्हणून एक टेस्ट आयुष्यात एकदा करून घ्या म्हणाले, ती वाढलेली निघाली, वडिलांकडून आली असावी. त्यामुळे १४० वर थांबायचं नाही म्हणाले आणि कोलेस्टेरॉलची गोळीपण दिली, कमी डोसची. घेतोय.

कोकणी_बाणा
शेवटी गोळीच.

नेरूळकर_आजोबा
शाब्बास. सेंट्रल पार्क म्हणजे खारघरचा ना? एखाद्या रविवारी नेरूळला ये, फ्लेमिंगो दाखवतो.

पापलेटप्रेमी
माझं अंड्याचं राहिलंच.

लसूणवाली_माई
एवढं सगळं लिहिलंस, लसूण घेतलास की नाही ते नाही लिहिलंस.

महापे_नाईटशिफ्ट
घेतला माई, तीन दिवस. चौथ्या दिवशी शेजारच्या डेस्कवाल्याने जागा बदलून मागितली.