कंपनीचा गियर नॉब निघतच नाहीये, अजून जोर लावू का?

रात्रीचा_ड्रायव्हर:
गाडी जुनी आहे, पाच गियरची मॅन्युअल. नॉबवरचं लेदर पार सोलून निघालंय, घाम आला की हाताला चिकटतं, म्हणून नवीन नॉब आणून ठेवलाय पण जुना निघायलाच तयार नाही. डावीकडे फिरवला तर तसूभर हलत नाही, उलट अख्खा लिव्हरच पिळला जातोय असं वाटलं म्हणून थांबलो. वर ओढूनही बघितला. बाहेरून कुठे स्क्रू दिसत नाही. जोर वाढवू की दुसरं काही आहे? आतलं काही तुटलं तर काम वाढेल.

पान्हा_नंबर_१४:
थांबलात ते एकदम बरोबर केलंत, जोर अजिबात वाढवू नका. आधी नॉब कुठल्या जातीचा आहे ते कळलं पाहिजे. बुटाची, म्हणजे लिव्हरभोवतीच्या लेदरच्या कव्हरची, खालची फ्रेम कन्सोलमधून (सीटांमधल्या प्लास्टिकच्या भागातून) हलक्या हाताने उचका, ती बहुतेक वेळा नुसत्या क्लिपांवर बसलेली असते, आणि मग बूट उलटा करून नॉबवर चढवा म्हणजे बुडाशी काय आहे ते दिसेल. आटे किंवा लॉक नट दिसला तर नॉब फिरवून निघणारा. लॉक नट असेल तर आधी तो पान्ह्याने सोडवा, तो नॉबला खालून दाबून बसलेला असतो, तो सैल केल्याशिवाय नॉब फिरणार नाही. बाजूला बारीक भोक असेल तर आत ॲलन कीने (षटकोनी चावीने) फिरणारा ग्रब स्क्रू, म्हणजे बिनडोक्याचा बारीक स्क्रू, असू शकतो, टॉर्च मारून नीट बघा. नुसता गुळगुळीत रॉड आत गेलेला दिसला तर तो दाबून बसवलेला प्रकार, तो फिरवायचाच नसतो.

कारवेडी:
वरच्या उत्तरात थोडी भर. दाबून बसवलेला निघाला तर सरळ वर ओढायचा, पण ओढताना तोंड नॉबच्या वर आणू नका, तो अचानक सुटतो आणि हनुवटीवर किंवा दातांवर बसतो, हे गांभीर्याने सांगतेय. आणि काही गाड्यांत बूट नॉबच्या खाली पट्टीच्या क्लॅम्पने आवळलेला असतो, तो एकदाच वापरायचा असतो, कापावाच लागतो, तेव्हा नवीन क्लॅम्प आधी आणून ठेवा. ऑटोमॅटिकवाल्यांनी यातलं काहीच करू नये, बटणाच्या नॉबमध्ये आत पिन किंवा क्लिप असते, ती पद्धत वेगळी.

रात्रीचा_ड्रायव्हर:
बूट उचकला. आटे दिसतायत, लॉक नट नाही, भोकही नाही. आट्यांवर काहीतरी वाळलेलं गोंदासारखं आहे. गरम करू का? आणि गंज सुटायचा स्प्रे मारू का?

गॅरेजकाका:
ते थ्रेडलॉकर दिसतंय, म्हणजे आटे सैल होऊ नयेत म्हणून लावतात तो गोंद. गरम कराच, पण हेअर ड्रायरने, हीट गनने नको, कारण नॉबच्या आत प्लास्टिकची बुश (आतली नळी) असते आणि लेदरही आकसतं. तगडं लाल थ्रेडलॉकर सैल पडायला २५० अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागते, तेवढ्यात नॉबच वितळेल, म्हणून निव्वळ गरम करण्याच्या भरवशावर बसू नका. ड्रायर पाच-दहा मिनिटं सगळीकडून फिरवा, बाकीचं काम पकडीने करायचं. स्प्रे मारायचाच तर आट्यांवर एखादा थेंब, वरून भस्सकन मारला की नॉब हातातून सटकतो आणि मग पकडच मिळत नाही.

आता मुख्य गोष्ट. तुम्हाला लिव्हर पिळल्यासारखा वाटला तो खरंच पिळला जात होता. त्याच्या बुडाशी प्लास्टिकची सॉकेट आणि बुश असतात, काही लिव्हरमध्ये तर मध्येच रबर असतं, ते फाटलं की गियर ढिले पडतात. म्हणून बुटाखाली रॉड व्हाईस ग्रिपने (लॉक होणाऱ्या पकडीने) घट्ट धरा, मध्ये जाड कापड किंवा चामड्याचा तुकडा घाला, आटे सोडून खाली धरा. ती पक्कड एका हाताने जागच्या जागी रोखायची आणि दुसऱ्या हाताने नॉब फिरवायचा, म्हणजे पीळ खाली जातच नाही. हात सटकत असेल तर ऑइल फिल्टर सोडवायचा पट्ट्याचा पान्हा वापरा. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, आणि हळूहळू दाब वाढवायचा नाही, छोटे झटके द्यायचे, गोंद झटक्यानेच तुटतो. एवढं करून नाहीच निघाला तर जुना नॉब तसाही टाकायचाच आहे, बारीक करवतीने उभा चिरा, पण आट्यांना लागायच्या आधी थांबा आणि उरलेलं छिन्नीने फाकवा. हा शेवटचा उपाय.

रात्रीचा_ड्रायव्हर:
काका निघाला!! ड्रायर, व्हाईस ग्रिप आणि पट्ट्याचा पान्हा. कट्ट आवाज झाला आणि मग हातानेच फिरला, कापावा लागला नाही. फक्त नवीन नॉब दोनेक आटे जातो आणि अडकतो.

गॅरेजकाका:
छान! आता तो नवीन जबरदस्तीने फिरवू नका, आट्यांचं माप वेगळं आहे. पहिला आकडा रॉडची जाडी, दुसरा दोन आट्यांमधलं अंतर, दोन्ही मिलिमीटरमध्ये: होंडाला सहसा १०×१.५ असतं, माझदा-निस्सानला १०×१.२५, टोयोटा-सुबारूला १२×१.२५. १.२५ आणि १.५ मधला फरक डोळ्यांना दिसत नाही आणि सुरुवातीला आटे धरल्यासारखे वाटतात, तेच तुमचं झालंय. माप माहीत असलेला नट रॉडवर फिरवून बघा, जो बोटांनी शेवटपर्यंत जाईल ते माप. मग त्या मापाचा नॉब किंवा अडॅप्टर घ्या. बसवण्याआधी वाळलेलं थ्रेडलॉकर तारेच्या ब्रशने साफ करा, आणि नॉबवरचा गियरचा नकाशा सरळ राहावा म्हणून खाली लॉक नट घाला, परत गोंद लावू नका.