कॅम्पस पोलिसांच्या ईआरटीमध्ये मेडिक म्हणून जावं का?

रात्रपाळी

नमस्कार मंडळी. मी अमेरिकेत मास्टर्स करतोय, दुसरं वर्ष आहे, एफ-१ म्हणजे स्टुडंट व्हिसावर. गेल्या वर्षी ईएमटीचा, म्हणजे अ‍ॅम्ब्युलन्सवर प्राथमिक उपचार करणाऱ्याचा कोर्स केला, परीक्षा पास झालो आणि तेव्हापासून युनिव्हर्सिटीच्या स्टुडंट रेस्क्यू स्क्वाडमध्ये व्हॉलंटिअर आहे. आमच्याकडचे कॉल म्हणजे जास्त प्यायलेली पोरं, मुरगळलेले पाय, अ‍ॅलर्जी, पॅनिक अटॅक, कधीतरी फीट. आता झालंय असं की आमच्या कॅम्पस पोलिसांची ईआरटी, म्हणजे इमर्जन्सी रिस्पॉन्स टीम आहे, तिला स्क्वाडमधून दोन मेडिक हवेत आणि कॅप्टनने माझं नाव पुढे केलंय.

मला काम आवडतं, पण या कामाचा नीट अंदाज येत नाहीये. शहराची अ‍ॅम्ब्युलन्स पाच मिनिटांवर आहे, मग पोलिसांच्या टीममध्ये वेगळा मेडिक कशाला लागतो? तो नक्की करतो काय? बंदूक बाळगावी लागते का? आणि एक गोष्ट मनात सलतेय, ती म्हणजे आज हॉस्टेलमध्ये पोरं मला आपला समजून सगळं खरं सांगतात, उद्या पोलिसांचं व्हेस्ट घातलेलं बघून सांगतील का? घरी अजून बोललो नाहीये, आधी मला स्वतःला कळलं पाहिजे. कुणी हे काम केलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

जुना_मेडिक

मी पॅरामेडिक आहे, म्हणजे ईएमटीच्या वरची पायरी, सहा वर्षं एका टीमबरोबर टॅक्टिकल मेडिक, म्हणजे पोलिसांबरोबर आत जाणारा मेडिक होतो, म्हणून लिहितो.

पहिलं म्हणजे ती पाच मिनिटं. अ‍ॅम्ब्युलन्स पाच मिनिटांत येते हे खरं, पण ती तुझ्या पेशंटपर्यंत येत नाही. गोळीबाराचा कॉल असेल तर ती दोन-तीन गल्ल्या अलीकडे थांबते आणि पोलिसांनी जागा सेफ आहे असं कळवेपर्यंत पुढे सरकत नाही, आणि मोठी बिल्डिंग खोली-खोलीने तपासायला वेळ लागतो, कधी तास लागतो. मांडीची मोठी धमनी तुटली तर माणूस तीन ते पाच मिनिटांत जाऊ शकतो. या दोन वेळांमधला जो खड्डा आहे तो भरायला मेडिक टीमबरोबर आत जातो. १९९९ साली कोलंबाइन हायस्कूलमध्ये एक शिक्षक गोळी लागून तासन् तास मदतीची वाट बघत रक्तस्राव होऊन गेले, तिथून पोलिसांची बाहेर थांबून स्वाट टीमची, म्हणजे खास सशस्त्र तुकडीची वाट बघायची पद्धत बदलली आणि मग हळूहळू मेडिकलवाल्यांचीही.

कॅम्पसचंच उदाहरण हवं असेल तर व्हर्जिनिया टेक युनिव्हर्सिटीतला गोळीबार, १६ एप्रिल २००७. नॉरिस हॉलची दारं आतून साखळ्यांनी बांधलेली होती, पोलिसांना आत शिरायलाच काही मिनिटं गेली. त्या दिवशी ईआरटीबरोबर दोन टॅक्टिकल मेडिक आत गेले, एक युनिव्हर्सिटीच्या रेस्क्यू स्क्वाडचा आणि एक ब्लॅक्सबर्ग गावाच्या स्क्वाडचा. बाकीच्या क्रूंना वर जायची परवानगी मिळायच्या आधीच या दोघांनी दुसऱ्या मजल्यावर ट्रायाज सुरू केलं, म्हणजे कोण आधी, कोण नंतर हे ठरवायचं. बाहेर वारा इतका होता की हेलिकॉप्टर उडू शकत नव्हती. आणि तो टेकचा स्क्वाड म्हणजे तुझ्यासारखाच विद्यार्थ्यांनी चालवलेला, १९६९ पासूनचा. त्यामुळे स्टुडंट स्क्वाडचं यात काय काम असं कुणी म्हणालं तर मला पटत नाही.

आता काम काय ते. आपण तीन झोन धरतो, हॉट, वॉर्म, कोल्ड. हॉट म्हणजे धोका समोर आहे, तिथे तू जवळजवळ काहीच करत नाहीस, फार तर पॅंटवरूनच जितकं वर जाईल तितक्या वर टर्निकेट, म्हणजे रक्त थांबवायला दांडीने पिळायचा पट्टा, आवळायचं आणि माणसाला आडोशाला ओढायचं. सीपीआर नाही. कोर्समध्ये वर्षभर सीपीआर सीपीआर ऐकलेल्या माणसाला हे पचायला फार जड जातं, मलाही गेलं, पण तिथे एका थांबलेल्या हृदयापाशी गुडघे टेकून बसलास तर शेजारचे दोघं जे वाचले असते ते जातात. वॉर्म म्हणजे पोलिस पुढे गेलेत, तुझ्याभोवती पहारा आहे पण पक्की खात्री नाही. इथे खरं काम. ईएमटीला आपण एअरवे आधी शिकतो, इथे मोठा रक्तस्राव आधी, मग एअरवे, मग श्वास, म्हणजे छातीला भोक असेल तर चेस्ट सील, म्हणजे हवाबंद चिकटपट्टी, आणि पाठीमागे दुसरं भोक आहे का ते हात फिरवून बघायचंच, मग सर्क्युलेशन, आणि शेवटी अंग गार पडू द्यायचं नाही, कारण गार पडलेल्या माणसाचं रक्त नीट गोठत नाही. उन्हाळ्यातसुद्धा ब्लॅंकेट लागतं.

माझं पहिलं ड्रिल सांगतो. रिकाम्या डॉर्मचा जिना, दिवे बंद, अलार्म चालू, हातावर नकली रक्त. मी टर्निकेट मांडीला लावलं, दांडी फिरवतोय फिरवतोय, आवळतच नाही. शक्ती कमी पडतेय असं वाटून अजून पिळलं तर दांडी वाकायला लागली. ट्रेनरने टॉर्च मारला तर पट्ट्याखाली, त्या पोराच्या खिशात, मोबाइल होता. सगळा जोर मोबाइलवर जात होता. तेव्हापासून पट्टा लावायच्या आधी माझा हात खिशावरून फिरतोच, झोपेतसुद्धा फिरेल.

पण हे असं वर्षाकाठी एकदाही होत नाही, आणि होऊ नये. उरलेलं काम म्हणजे टीममधल्या लोकांची काळजी. कुणाला कसली अ‍ॅलर्जी, कुणाचं बीपी, कुणाचा गुडघा, फुटबॉल मॅचच्या दिवशी चाळीस पौंडांचं गिअर घालून उन्हात उभे असलेले ऑफिसर पाणी पितायत का. आणि प्लॅन, म्हणजे ट्रॉमा सेंटर, गंभीर जखमींचं हॉस्पिटल, कोणतं, तिथे किती वेळ लागतो, कॅम्पसचं कोणतं गेट रात्री कुलूपबंद असतं, कोणत्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावतं. हे तुला कुठल्याही बाहेरच्या मेडिकपेक्षा जास्त माहीत असेल, आणि माझ्या मते कॅम्पसच्या मेडिकची सगळ्यात मोठी किंमत इथेच आहे.

ट्रॉमावाली_ताई

वरचं सगळं पटलं, एकच गोष्ट जोडते कारण ती राहून जाते. मी इमर्जन्सी रूममध्ये नर्स आहे.

टीममध्ये दोन मेडिक आहेत म्हणून बाकीच्या ऑफिसरांनी हात वर करायचे नाहीत. सगळ्यात आधी पोचतो तो गस्तीवरचा साधा पोलिस, ईआरटी गोळा व्हायला वेळ लागतो. नॉर्दर्न इलिनॉय युनिव्हर्सिटीत १४ फेब्रुवारी २००८ ला लेक्चर हॉलमध्ये गोळीबार झाला, पाच विद्यार्थी गेले, तिथल्या कॅम्पस पोलिसांनी स्वतः ईएमटीचं ट्रेनिंग घेतलेलं होतं त्यामुळे पोचलेले पोलिस लगेच उपचारालाही लागले. २०१३ च्या हार्टफर्ड कन्सेन्ससमध्येही, म्हणजे अशा गोळीबारात जीव कसे वाचवायचे यावरच्या शिफारशींत, सर्जन लोकांनी हेच सांगितलं की धोका थांबवला की लगेच रक्त थांबवा, ते पोलिसांचंही काम आहे. २०१५ पासून स्टॉप द ब्लीड ही रक्त थांबवायला शिकवणारी मोहीम सुरू झाली ती तर सामान्य माणसासाठीच. त्यामुळे तू जाणार असशील तर पहिल्या महिन्यात विचार की प्रत्येक ऑफिसरच्या बेल्टवर टर्निकेट आहे का, गाडीच्या डिकीत नाही, बेल्टवर. आणि नसेल तर मागे लाग. मेडिकने शिकवलेले वीस पोलिस हे एका मेडिकपेक्षा जास्त जीव वाचवतात असं मी मनापासून मानते.

आणि आमच्यासाठी एक कर, टर्निकेट लावल्याची वेळ पेशंटवर ठळक लिही, मार्करने, कपाळावर लिहिलंस तरी चालेल. आमच्याकडे एकदा पेशंट आला, टर्निकेटवर ब्लॅंकेट, वेळ कुठेच नाही, आणणाऱ्याला माहीत नाही. दोन तासांच्या आतलं असेल तर आम्हाला थोडी उसंत असते, पण माहीत तर पाहिजे ना. जखमेत गॉझ कोंबलं असेल तर तेही सांग, आणि कोंबल्यावर पूर्ण तीन मिनिटं दाब, घड्याळ बघून, कारण त्या गडबडीत चाळीस सेकंदसुद्धा तीन मिनिटांसारखे वाटतात.

पावसाळी_ढग

मी डॉर्ममध्ये आरए, म्हणजे मजल्यावरच्या पोरांकडे लक्ष ठेवणारी विद्यार्थिनी, होते दोन वर्षं, मेडिकल बॅकग्राउंड नाही, पण तुझ्या शेवटच्या प्रश्नावर बोलायचंय कारण मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

माझ्या मजल्यावर एक मुलगी होती, गोळ्या घेतल्या होत्या तिने, किती ते सांगत नव्हती. दारात आधी पोलिस उभे राहिले आणि ती एकदम गप्प झाली, भिंतीकडे तोंड करून बसली. मग स्क्वाडची एक पोरगी आली, साधा टी-शर्ट, गळ्यात स्टेथोस्कोप, तिने पोलिसांना सांगितलं की जरा दाराबाहेर थांबता का, आणि खाली फरशीवर बसली तिच्या शेजारी. पाच-सहा मिनिटांत मुलीने बाटली काढून हातात दिली. ती बाटली बघूनच हॉस्पिटलला कळलं काय द्यायचं ते.

त्यामुळे ईआरटीचं व्हेस्ट फक्त ईआरटीच्या कॉलला. स्क्वाडच्या शिफ्टला ते रूमवर ठेव. आणि पेशंटने तुला विश्वासाने सांगितलेलं पोलिसांच्या रिपोर्टमध्ये आपोआप जाणार का, हे लेखी विचारून घे. सही करायच्या आधी.

रात्रपाळी

बापरे, एवढं सगळं लिहिलंत, खूप खूप आभार. पावसाळी_ढग, तुमची गोष्ट दोनदा वाचली. आमच्याकडे हे लेखी आहे की नाही मला खरंच माहीत नाही, गुरुवारी लेफ्टनंटबरोबर मीटिंग आहे तेव्हा पहिला प्रश्न हाच. दादा, बंदुकीचं राहिलं. आणि भीतीचंही विचारायचंय, म्हणजे तिथे गेल्यावर हात चालतील का.

जुना_मेडिक

बंदुकीचं बरं विचारलंस, यात तुझा व्हिसा येतो. मेडिककडे शस्त्र असावं की नाही हे प्रत्येक डिपार्टमेंट वेगळं ठरवतं, काही ठिकाणी मेडिक स्वतः शपथ घेतलेला ऑफिसर असतो आणि त्याच्याकडे असतं, काही ठिकाणी नसतं आणि दोन ऑफिसर त्याला कव्हर देतात. पण एफ-१ सारख्या नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या, व्हिसावर फेडरल कायद्याने बंदूक बाळगता येत नाही, शिकारीच्या लायसन्ससारखे थोडे अपवाद आहेत, ते तुझ्या कामाचे नाहीत. आणि नुसतं बेल्टला लावण्यापुरतं हे नाही. ऑफिसर जखमी झाला, भान हरपायला लागलं, तर मेडिकने आधी त्याचं शस्त्र बाजूला करायचं असं आपल्याला शिकवतात, कारण गोंधळलेल्या माणसाच्या हातात ते नको. ते तू हातात घ्यायचं की शेजारच्या ऑफिसरने, हे गुरुवारी स्पष्ट विचार, आणि इंटरनॅशनल स्टुडंट ऑफिसमध्ये जाऊन त्यांच्या वकिलाकडून उत्तर घे. टीममधला कुणी म्हणाला की चालतं रे, तर ऐकू नकोस, व्हिसा तुझा आहे. इन्शुरन्सचंही तिथेच विचार, व्हॉलंटिअरला दुखापत झाली तर कोण भरणार.

भीतीचं म्हणशील तर वाटते, मला सहाव्या वर्षीही जिन्यात घसा कोरडा पडायचा. हात चालतात ते हजारदा केलेलं असतं म्हणून. दोन टर्निकेट घे, एक प्रॅक्टिसचं, त्यावर निळी टेप लाव, आणि एक ड्युटीचं, ते प्रॅक्टिसला कधी वापरायचं नाही, कारण पुन्हा पुन्हा पिळून पट्टा कमजोर होतो आणि नेमका खऱ्या वेळी तुटतो. निळं रोज रात्री झोपायच्या आधी दिवा बंद करून, ग्लोव्ह्ज घालून, एका हाताने स्वतःच्या दुसऱ्या दंडाला लाव. उजव्याने डाव्याला, मग डाव्याने उजव्याला. डाव्याने पहिले आठ-दहा दिवस जमणार नाही, चिडचिड होईल, करत राहा. गुरुवारी काय झालं ते इथे लिही.