मदत हवी आहे: घरच्या वाचकांना उत्तर देणारी आफ्रिकन लेखिका

पुढच्या महिन्यात आमच्या वाचनकट्ट्यावर मला अर्धा तास बोलायचंय. विषय: आफ्रिकन लेखकाकडून वाचकांच्या अपेक्षा आणि त्याचं स्वातंत्र्य.

पाश्चात्त्य वाचकांची बाजू जमली आहे. नायजेरियन लेखिका चिमामांडा अडिचींनी २००९ च्या भाषणात सांगितलेला प्राध्यापक पुरेसा आहे. त्याचं म्हणणं: पात्रं शिकलेली, गाडी चालवणारी, म्हणजे त्यांची कादंबरी 'अस्सल आफ्रिकन' नाही!

मला जास्त रस आहे घरच्या, म्हणजे आफ्रिकेतल्याच वाचकांच्या अपेक्षांत. गिनीच्या कामारा लाय यांनी १९५३ मध्ये बालपणावर लिहिलं: आई, सोनारकाम करणारे वडील, गाव. त्यावर कॅमेरूनच्या मोंगो बेतींनी फटकारलं, यात वसाहतीचा जुलूम कुठाय? नायजेरियाच्या टुटुओलांच्या १९५२ च्या पुस्तकाचं लंडनमध्ये कौतुक झालं, तर शिकलेले नायजेरियन त्यातल्या 'मोडक्या' इंग्रजीने ओशाळले. (मला तीच इंग्रजी आवडते, ते असो.) झिम्बाब्वेच्या मारेचेरांच्या कादंबरीवर तर १९८१ मध्ये त्यांच्याच स्वतंत्र देशात बंदी आली.

पण हे सगळे पुरुष. नायजेरियाच्या बुची एमेचेता आणि घानाच्या आमा आटा आयडू यांच्या कादंबऱ्या वाचल्यात. पण मला पात्राच्या तोंडचं नको, लेखिकेचं स्वतःचं म्हणणं हवंय. केनियाच्या न्गुगींचा भाषेचा वाद (आफ्रिकन लेखकाने इंग्रजीत लिहावं की मातृभाषेत) मुद्दाम बाजूला ठेवलाय, तो निघाला की वेळ त्यातच जातो. फ्रेंच कुणालाच येत नाही. मराठी किंवा इंग्रजी, आणि झेरॉक्स वाटता येईल इतपत छोटं हवं.

'आपल्या बायकांबद्दल असं का लिहितेस?' असं विचारणाऱ्या आपल्याच देशातल्या वाचकांना एखाद्या आफ्रिकन लेखिकेने थेट उत्तर दिलंय, असा लेख किंवा मुलाखत कुणाला माहीत आहे का?